टगवर डेटा केबल: कॅमेरे, जीपीएस-एआयएस आणि इंजिनांची माहिती व्हीलहाऊसपर्यंत कशी न्यावी?

मुरगाव_टग

नमस्कार मंडळी,

३० मीटरचा पोलादी हार्बर टग (बंदरात मोठी जहाजं ओढणारी बोट) गोव्यात दुरुस्तीसाठी वर काढलाय. मुख्य वीज ४१५ व्होल्ट थ्री-फेज, नियंत्रणाची २४ व्होल्ट डीसी, दोन्ही हलपासून (बोटीच्या पोलादी अंगापासून) अलिप्त. डेटाच्या सगळ्या केबली नव्याने ओढायचं ठरलंय. व्हीलहाऊस ते इंजिनरूम हे अंतर ट्रेच्या वाटेने मोजून २२ मीटर भरतं.

आज काय बिघडलेलं आहे ते सांगतो:

१) सहा पीओई (नेटवर्क केबलीतूनच वीज घेणारे) कॅमेरे ऑफिसात वापरतात तसल्या राखाडी पीव्हीसी कॅट-६ वर आहेत. इंजिनरूममधली केबल कडक होऊन चिरली आहे. डेकवरच्या दोन कॅमेऱ्यांचे आरजे-४५ हिरवे पडलेत.
२) टोइंग विंच व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) आहे. ती फिरायला लागली की मागच्या डेकचे दोन्ही कॅमेरे जातात, थांबली की परत येतात.
३) नवा जीपीएस बसवल्यापासून २४ व्होल्टच्या बोर्डावरचा अर्थ-फॉल्टचा दिवा विझत नाही.
४) जीपीएसच्या एकाच जोडीवरून एआयएस (जहाजाची ओळख-स्थान प्रसारित करणारं उपकरण), रडार, व्हीएचएफ आणि चार्टप्लॉटर असे चौघे जोडलेत. एआयएसवर स्थान अधूनमधून गायब होतं.
५) इंजिनरूमच्या बल्कहेडमधलं (आडभिंतीतलं) केबलचं भोक फोमने बुजवलेलं होतं, त्यावर सर्वेअरने शेरा मारलाय. नव्या केबलींचं सर्टिफिकेटही मागितलंय.

शिवाय दोन्ही इंजिनांचा डेटा एनएमईए २००० (बोटीवरच्या उपकरणांचं डेटा-जाळं) वरून वर आणायचा आहे. केबल कोणती घ्यावी, शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) एका टोकाला अर्थ करावी की दोन्ही, आणि टाकताना काय सांभाळावं?

---

आर्मर_ग्लँड

आधी केबलचं बोलू, कारण खरेदीला वेळ तिथेच जातो.

ऑफिसची कॅट-६ बोटीवर चालत नाही याची कारणं तीन, आणि तिन्ही वेगवेगळी. पहिलं आवरणाचं. पीव्हीसी मऊ राहते ती तिच्यात घातलेल्या प्लास्टिसायझरमुळे. गरम तेलाची वाफ आणि ४५ अंशांची हवा मिळून तो प्लास्टिसायझर बाहेर काढतात. मग आवरण कडक होतं आणि इंजिनाच्या थरथरीने वळणावर चिरतं. दुसरं आगीचं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडते आणि दाट काळा धूर करते. बंद जागेत माणसाला जिना दिसत नाही, आणि तो वायू ओलाव्यात मिसळून आम्ल झाला की न जळलेल्या पॅनेलमधली इलेक्ट्रॉनिक्सही खातो. तिसरं कारण तांब्याचं, त्यावर खाली लिहितो.

मागणीपत्रात हे लिहा: चार जोड्यांची कॅट-६ किंवा कॅट-६ए, एकूण वेणी-शील्ड असलेली, हॅलोजनमुक्त आवरण आयईसी ६००९२-३६० प्रमाणे एसएचएफ१ किंवा एसएचएफ२, ज्वालारोधक आयईसी ६०३३२-३-२२, हॅलोजनसाठी आयईसी ६०७५४, धुरासाठी आयईसी ६१०३४. जोडीला तुमच्या क्लासचं, म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं, टाइप अप्रूव्हल. आयआरएस असो वा डीएनव्ही, सर्टिफिकेटची मुदत बघा आणि त्यावरचं उत्पादनाचं नाव केबलच्या आवरणावर छापलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. सर्वेअर तेच करणार आहे.

एसएचएफ१ थर्मोप्लास्टिक आहे, व्हीलहाऊस आणि केबिनींसाठी पुरेशी. एसएचएफ२ क्रॉसलिंक केलेली असते, उष्णतेने वितळत नाही आणि तेल-घर्षण जास्त सोसते. इंजिनरूम आणि मागच्या डेकसाठी एसएचएफ२ च घ्या.

विक्रेता फक्त "६०३३२-१" दाखवत असेल तर थांबा. ती चाचणी सुमारे ६० सेंटिमीटरच्या एकट्या उभ्या तुकड्याची असते. एकटी केबल विझते, पण ट्रेवर वीस केबली एकत्र असल्या की एकमेकींना पेटत्या ठेवतात. ६०३३२-३-२२ मध्ये ३.५ मीटरच्या केबलींचा जुडगा शिडीवर उभा करून ४० मिनिटं ज्योत देतात आणि जळालेला भाग २.५ मीटरच्या वर जाता कामा नये. टगवरच्या ट्रेशी जुळणारी चाचणी ही आहे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. आग न पसरवणारी केबल वेगळी आणि आगीत काम करत राहणारी, म्हणजे आयईसी ६०३३१ वाली, वेगळी. दुसरी फायर अलार्म, जनरल अलार्म, पब्लिक अ‍ॅड्रेस असल्यांना लागते. कॅमेऱ्यांसाठी तिच्यावर पैसे घालू नका.

आता तांबं. कथिलाचा मुलामा दिलेलीच तार घ्या. खारी दमट हवा उघड्या तांब्यावर काळा थर आणते आणि तो थर इन्सुलेशनच्या आत दूरवर सरकत जातो. मग टोक कापून नवीन क्रिम्प केलं तरी खाली काळंच निघतं. घरातल्या भांड्याला कल्हई ज्या कारणासाठी लावतात तेच इथे.

बाजारात तांबं चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलीही कॅट-६ म्हणून विकल्या जातात. ओळखायची रीत: तार चाकूने खरवडा. वरून चंदेरी आणि आतून लाल असेल तर कल्हईचं तांबं. वरून लाल आणि आतून चंदेरी असेल तर ती परत करा. मीटरनेही कळतं. एक जोडी पलीकडे शॉर्ट करून अलीकडून रोध मोजा. २४ गेजच्या अस्सल तांब्याला २२ मीटरवर साधारण ३.७ ओहम येतात, त्या नकली तारेला ६ च्या आसपास. पीओईला हा फरक चांगलाच जाणवतो.

सॉलिड की स्ट्रँडेड? थरथर असते तिथे सात तारांची स्ट्रँडेड बरी. तिच्यात सिग्नलची घट जास्त होते हे खरं, पण १०० मीटरची मर्यादा असलेल्या ठिकाणी तुमचे २२ मीटर म्हणजे काहीच नाही. मात्र प्लग घेताना स्ट्रँडेडसाठीचाच घ्या. सॉलिडच्या प्लगची पाती तारेच्या दोन बाजूंना बसतात, स्ट्रँडेडची मधोमध घुसतात. उलटसुलट वापरलं तर टेस्टरवर पास होतं आणि समुद्रात सुटतं.

शेवटचं: मरीन केबलीचा बाहेरचा व्यास ८ ते १० मिलिमीटर असतो. साधा आरजे-४५ तिच्यावर बसत नाही. हत्याराविना लागणारे धातूचे फील्ड-प्लग त्या व्यासाचे आहेत का ते बघून केबलीबरोबरच मागवा, नाहीतर केबल ओढून झाल्यावर काम अडतं.

---

साठ_ओहम

३ आणि ४ ही दोन दुखणी एकाच घरातली आहेत.

तुमचा जीपीएस बाकीच्यांना डेटा देतो तो एनएमईए ०१८३ या जुन्या, दोन तारांच्या पद्धतीने. त्यात एक बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे. बोलणाऱ्याचा ए ऐकणाऱ्याच्या ए ला, बी ला बी. ऐकणाऱ्याच्या आत ऑप्टो-आयसोलेटर असतो आणि तो थोडा करंट खातो. चौघं एका जोडीवर लटकवले, त्यातला एखादा जुना आणि जास्त खाणारा निघाला की व्होल्टेज बसतं आणि वाक्यं तुटतात. वाक्याच्या शेवटचा चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळला नाही की एआयएस ते वाक्य फेकून देतं. तुमचं "स्थान गायब" बहुतेक हेच आहे. उपाय म्हणजे आयसोलेटेड बफर: एक इनपुट, चार ते आठ स्वतंत्र आउटपुट. प्रत्येक उपकरणाला स्वतःची पिळाची जोडी. चॉकलेट-ब्लॉकवर (स्क्रूच्या टर्मिनल पट्टीवर) तारा वाटत बसू नका.

वेगही तपासा. साधा ०१८३ हा ४८०० बॉडवर चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८० अक्षरं. एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं. जीपीएसवर जीजीए, आरएमसी, व्हीटीजी, जीएसए, जीएसव्ही सगळं सुरू ठेवलं आणि गती सेकंदाला दोनदा केली की पाइप भरतो. एआयएसला नको असलेली वाक्यं जीपीएसच्या मेनूतून बंद करा. एआयएसचं स्वतःचं आउटपुट चार्टप्लॉटरकडे जातं ते ३८४०० वर, ते दोन्ही टोकांना तसं लावलेलं हवं.

मीटरने पटकन तपासणी: बोलणारा शांत असताना ए हा बी च्या मानाने ऋण असतो. डीसी व्होल्टवर ठेवून ए वर लाल आणि बी वर काळी प्रोब लावा. सलग धन दिसलं तर तारा उलट्या लागल्यात. डेटा सुरू असेल तेव्हा आकडा हलतो.

आता अर्थ-फॉल्ट. अलिप्त २४ व्होल्टमध्ये दिवा लागला याचा अर्थ प्लस किंवा मायनस कुठेतरी हलला लागलाय. छोट्या जीपीएसमध्ये नेहमी सापडणाऱ्या दोन जागा: एक, रिसीव्हरचा मायनस आतूनच धातूच्या खोक्याला जोडलेला असतो आणि खोकं पोलादी कन्सोलला स्क्रूने बसवलेलं असतं. दोन, अँटेनाच्या कोअ‍ॅक्सची वेणी मास्टवरच्या ब्रॅकेटला टेकते आणि ती वेणी म्हणजेच रिसीव्हरचा मायनस. शोधायचं असं: दिव्यावर एक माणूस उभा करा. आधी अँटेनाचा कनेक्टर सोडा, मग डेटा केबल, मग खोक्याचे स्क्रू, शेवटी सप्लायचा फ्यूज. ज्या पायरीला दिवा विझतो ती जागा.

खोकं दोषी निघालं तर जीपीएसला आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून वीज द्या. दिवा आहे म्हणून त्याची तार काढून टाकणं हा उपाय नाही. आज मायनस हलला लागलाय, उद्या दुसऱ्या कुठल्या केबलीचा प्लस लागला की हलमधून शॉर्ट होईल, आणि त्या वाटेत तुमच्या डेटा केबलीची बारीक वेणी असेल.

एनएमईए २००० बद्दल. टग २४ व्होल्टचा, हे जाळं १२ चं. ९ ते १६ व्होल्ट एवढीच त्याची मर्यादा, म्हणून इथेही २४ ते १२ चा आयसोलेटेड कन्व्हर्टर, आणि वीज एकाच टी (तीन तोंडांच्या कनेक्टर) मधून. रचना सरळ रेषेची: २२ मीटरचा कणा, दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर, प्रत्येक उपकरण टी वरून आणि ती फांदी ६ मीटरच्या आत. सगळ्या फांद्या मिळून ७८ मीटरच्या वर नाही. हलक्या केबलीचा कणा १०० मीटरपर्यंत चालतो, तेव्हा लांबीची चिंता नको. घोळ होतो तो कण्याला मध्येच दुसरा कणा फोडून ताऱ्यासारखी रचना केल्याने. दोन इंजिनं पोर्ट आणि स्टारबोर्डला आहेत म्हणून कण्याच्या दोन शाखा करू नका. कणा एका इंजिनाजवळून दुसऱ्याकडे आडवा न्या आणि तिथे संपवा.

वीज बंद ठेवून पांढऱ्या आणि निळ्या तारेत रोध मोजा. ६० ओहम म्हणजे ठीक. १२० म्हणजे एक टर्मिनेटर नाही किंवा कणा तुटलाय. ४० म्हणजे कोणीतरी तिसरा लावलाय. शून्याच्या जवळ म्हणजे दोन तारा कुठेतरी चिकटल्यात, बहुधा हाताने जुळवलेल्या कनेक्टरमध्ये. तिथे क्रम असा: १ शील्ड, २ लाल, ३ काळी, ४ पांढरी, ५ निळी.

इंजिनाचा कंट्रोलर जे१९३९ (डिझेल इंजिनांची डेटा-भाषा) बोलत असेल तर तो थेट या कण्यावर टाकू नका. दोघांचा वेग २५० किलोबिट असला तरी संदेश वेगळे असतात. इंजिननिर्मात्याला मान्य असलेला गेटवे मध्ये हवा.

---

मुरगाव_टग

अर्थ-फॉल्ट सापडला. जीपीएसचं खोकं कन्सोलवरून सोडल्याबरोबर दिवा विझला. कन्व्हर्टर मागवतो.

शील्डचं मात्र कळलं नाही. यार्डातले म्हणतात एकाच टोकाला, स्विचच्या कागदावर दोन्ही टोकांना लिहिलंय.

---

साठ_ओहम

एकाच टोकाला. ०१८३ मध्ये शील्ड बोलणाऱ्याच्या बाजूला खोक्याशी, ऐकणाऱ्याच्या बाजूला कापून हीट-श्रिंक. एनएमईए २००० मध्ये सप्लायच्या टी पाशी एकदाच. दोन्हीकडे अर्थ केली की शील्डमधून करंट वाहतो आणि तोच गोंगाट आत शिरतो.

---

पाचवा_डेक

साठ_ओहम दादा, ०१८३ आणि २००० साठी तुमचं अगदी बरोबर, पण इथरनेट आणि व्हीएफडी असेल तिथे हा नियम लावू नका.

एका टोकाची अर्थिंग कमी फ्रीक्वेन्सीच्या गोंगाटावर चालते. व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेजच्या खड्या कडा मारतो आणि त्यातून निघणारा गोंगाट मेगाहर्ट्झमध्ये असतो. त्या फ्रीक्वेन्सीला एका बाजूने सुटी असलेली शील्ड म्हणजे अँटेना. इथरनेटची वेणी दोन्ही टोकांना, तीही संपूर्ण गोलाईने धातूला टेकलेली हवी. वेणीची शेपटी पिळून स्क्रूखाली दाबली तर त्या चार-पाच सेंटिमीटरच्या तारेचा इंडक्टन्सच शील्डचं काम घालवतो. पोलादी हल हा उत्तम समान-विभव आधार आहे, म्हणून दोन्ही टोकं जोडणं इथे सुरक्षित आहे. लाकडी किंवा फायबरच्या होडीवर मी तसं सांगणार नाही.

कॅमेऱ्याचं अंग प्लास्टिकचं आणि सॉकेट बिनशील्डचं असेल तर त्या टोकाला शील्ड आपोआपच सुटी राहते. मग कॅमेऱ्याजवळ धातूचा छोटा जंक्शन बॉक्स घ्या, ईएमसी ग्लँडमध्ये (वेणीला गोलाईने पकडणाऱ्या धातूच्या केबल-तोंडात) वेणी पकडा आणि बॉक्सचा तळ रंग खरवडून डेकच्या पोलादाला बसवा. रंगावर बसवलेला बॉक्स अर्थ होत नाही, हे फार ठिकाणी राहून जातं.

पण विंचच्या बाबतीत सगळा भार शील्डवर टाकू नका. आधी वाट बदला. विंचच्या मोटरची केबल आणि कॅमेऱ्यांची केबल एकाच ट्रेवर आहे, असा माझा अंदाज. मोटर केबलीपासून निदान अर्धा मीटर, बाकीच्या पॉवर केबलींपासून ३०० मिलिमीटर अंतर ठेवा. ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा. जागाच नसेल तर तो भाग पोलादी पाइपातून न्या. मोटरची केबल स्वतः शील्डवाली आहे का आणि तिची शील्ड व्हीएफडीच्या व मोटरच्या दोन्ही टोकांना पकडलेली आहे का, तेही पाहा. अनेकदा दुखणं तिथेच मिटतं.

बल्कहेडचं. इंजिनरूमची ती भिंत ए-६० (६० मिनिटं आग अडवणारी) असेल तर फोम लगेच काढा. पॉलियुरेथेन फोम स्वतः जळतो. मान्यताप्राप्त मल्टी-केबल ट्रान्झिट बसवा: पोलादी चौकट भिंतीला वेल्ड, आत रबरी ब्लॉक, शेवटी दाबणारा वेज. ब्लॉकच्या पापुद्र्यांचे थर केबलीच्या व्यासाप्रमाणे सोला. दोन अर्ध्या भागांमध्ये केबलीवर ठेवल्यावर ०.१ ते १ मिलिमीटर फट उरली पाहिजे. फट अजिबात नसेल तर केबल सैल आहे, जास्त असेल तर वेज बसणार नाही. एका ब्लॉकमध्ये एकच केबल, जुडगा नाही. चौकटीतून जाताना केबल सरळ हवी, वळण अलीकडे-पलीकडे. पुढच्या केबलींसाठी निदान दोन-चार कोरे ब्लॉक ठेवा, म्हणजे पुन्हा कोणी भिंतीला ड्रिल लावणार नाही.

बांधणी: प्लास्टिकचे टाय उभ्या ट्रेवर आणि छताखाली एकट्याने पुरत नाहीत. आगीत ते आधी वितळतात आणि केबलींचं जाळं बाहेर पळणाऱ्या माणसांच्या अंगावर येतं. जास्तीत जास्त दर २ मीटरला स्टेनलेसचा पट्टा हवाच. तो आवळताना केबल चेपू नका. कॅट-६ मध्ये जोड्यांमधलं अंतर बदललं की सिग्नल परावर्तित होतो. ओढताना ११० न्यूटनच्या वर ताण नको, म्हणजे सुमारे ११ किलो. ओढताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या ८ पट धरा.

डेकवरच्या कनेक्टरांचं हिरवेपण नुसत्या मिठाचं नाही. पीओईचे ४८ व्होल्ट डीसी खाऱ्या ओलाव्यात इलेक्ट्रोलिसिस करतात, म्हणून धन पिना आधी खातात. साधा नेटवर्क प्लग त्याच जागी जास्त टिकतो. डेकवर आणि इंजिनरूममध्ये आरजे-४५ उघडा ठेवूच नका. एम१२ एक्स-कोडेड घ्या, आठ पिनांचा. डी-कोडेड चार पिनांचा असतो आणि १०० मेगाबिटपुरता. जंक्शन बॉक्समध्ये केबल खालून शिरू द्या, शिरण्याआधी एक खाली लोंबणारा वळसा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळशावरून गळून जाईल. वरून आत आलेली स्ट्रँडेड केबल जून ते सप्टेंबर वातीसारखं पाणी ओढते.

---

मुरगाव_टग

अंदाज बरोबर, ट्रे एकच आहे. कॅमेऱ्यांची वाट स्टारबोर्ड बाजूने बदलतोय. किती केबल मागवू आणि शेवटी तपासायचं काय?

---

आर्मर_ग्लँड

प्रत्येक ओढीसाठी: ट्रेवरची लांबी, अधिक दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर, त्यावर १० टक्के. तुमची २२ ची ओढ २७.५, म्हणजे २८ मीटर. टोकाची राखीव लांबी गुंडाळी न करता मोठ्या वळणात ठेवा. दोन जादा ओढी आताच टाकून टोकं सील करा. ट्रान्झिट उघडं असताना एक केबल जास्त टाकायला पंधरा मिनिटं लागतात.

तपासणीला दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर भागवू नका. तो फक्त तार पलीकडे पोचली का एवढंच सांगतो. ३ आणि ६ ही जोडी चुकून ३ आणि ४ केली तरी दोन्ही टोकांना सारखीच चूक असेल तर तो सगळे दिवे हिरवे दाखवतो, आणि पीळ मात्र फाटलेला. शक्य असेल तर सर्टिफायर भाड्याने घ्या. नसेल तर गिगाबिटचा लॅपटॉप कॅमेऱ्याच्या जागी लावा. लिंक १००० वरून १०० वर घसरली तर चारपैकी एखादी जोडी गेली आहे. मग १४७२ बाइटचे हजार पिंग चालवा, एकदा सगळं शांत असताना आणि एकदा दोन्ही इंजिनं व विंच लोडवर असताना. त्यानंतर स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर (बिघडून आलेल्या डेटा-पुडक्यांची संख्या) बघा. दुसऱ्या वेळी तो आकडा वाढला तर वाट किंवा शील्ड अजून चुकलेली आहे. टोकाला पीळ १३ मिलिमीटरच्या वर उकललाय का तेही त्याच वेळी बघा.

इन्सुलेशनसाठी मेगर (उच्च व्होल्टेजने रोध मोजणारं यंत्र) लावायचा असेल तर दोन्ही टोकं उपकरणांपासून सुटी करूनच. ५०० व्होल्टचा मेगर स्विचचे सगळे पोर्ट एका झटक्यात घालवतो.

---

साठ_ओहम

एक भर. प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना आणि ट्रान्झिटच्या दोन्ही बाजूंना नंबर लावा. हीट-श्रिंकवर छापलेला किंवा स्टेनलेसच्या पट्टीवर ठोकलेला चालेल, कागदी स्टिकर डिझेलने उतरतो. ०१८३ च्या टर्मिनलवर प्रत्येक तारेच्या टोकाला फेरूल (दाबून बसवायची धातूची नळी) लावा. आणि शील्ड नेमकी कुठल्या टोकाला जोडली आहे ते ड्रॉइंगवर प्रत्येक केबलीपुढे लिहा. पुढचा इलेक्ट्रिशियन सुटी, श्रिंक केलेली वेणी बघून "राहून गेली" म्हणत ती जोडून टाकतो आणि अर्थ-फॉल्टचा दिवा पुन्हा लागतो.

---

मुरगाव_टग

एसएचएफ२ कॅट-६ए, एम१२ एक्स-कोडेड, आठ आउटपुटचा बफर आणि दोन आयसोलेटेड कन्व्हर्टर, एवढं मागणीपत्रात घातलं. व्हीएफडी ते विंच केबलीची शील्ड मोटरच्या बाजूला कापलेली निघाली, ती ईएमसी ग्लँडमध्ये पकडून घेतोय. ट्रान्झिटची चौकट रंगकामाच्या आधी वेल्ड होईल.